चौऱ्याऐंशीचं कोरं वर्ष

हेक्सबी, यॉर्कशर
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय नेव्हिल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडू नकोस. आधी चहा टाक, खुर्चीत बस, मग वाच. तुझा पत्ता तुझ्या नि क्लाइव्हच्या आईच्या वहीत शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला सापडला. तुमची पत्रं चालू होती हे म्हातारीने जाईपर्यंत आम्हाला कळू दिलं नाही.

इकडे सगळं ठीक. क्लाइव्हची पाठ आहे तशीच आहे, कुरकुरीसकट. केरी गेल्या ऑक्टोबरात चाळीस वर्षांची झाली. शाळेत स्वयंपाक करते, दोन मुलं आहेत, धाकटा तुझ्यासारखाच लांबट तोंडाचा. खाणीच्या जागेवर आता पत्र्याचं मोठं गोदाम आलंय. तू समुद्रकाठी सुखात असशील अशी आशा आहे. लग्न केलंस की नाही, तेही आम्हाला ठाऊक नाही.

पत्राचं कारण पेन्शन. तू क्लाइव्हपेक्षा तीन वर्षांनी मोठा, तुझं सुरू झालं असणार, म्हणून तुला विचारते.

क्लाइव्हला पुढच्या वर्षी सरकारी पेन्शन लागेल. खाण बंद झाल्यावर तो रोखीने कामं करत हिंडला, लोकांच्या अंगणात फरशा बसव, कुंपणं घाल. पगारातून कापतात ते सरकारी विम्याचे हप्ते, ज्यांवर पेन्शन ठरतं, ते त्यातल्या चार वर्षांचे भरलेच गेले नाहीत. ते आता भरता येतात, पण पाच एप्रिलच्या आत. तीन हजारांवर पौंड जातील आणि आठवड्याला पंचवीसेक पौंड पेन्शन वाढेल. तेवढे पैसे आमच्याजवळ आहेत, पण तेवढेच आहेत. त्याची तब्येत बघता भरावेत की ठेवावेत, ते कळत नाही. क्लाइव्ह तर विषयच काढू देत नाही. "मला ते कॉम्प्युटरचं कळत नाही," एवढंच त्याचं पालुपद. वर्षभर मागे लागले तेव्हा कुठे फोनवर "माझं सगळं बायकोशी बोला" म्हणून एकदाचं सांगून टाकलं त्याने. शेवटी मंगळवारी केरीकडे जाऊन मीच त्याच्या हप्त्यांचा वर्षवार सगळा तक्ता छापून आणला.

आणखी एका कामासाठी तो तक्ता हवा होता. पाच मार्चला खाणकामगारांचा वर्षभराचा संप संपून माणसं कामावर परतली त्याला चाळीस वर्षं होतील. क्लबात माल्कने भिंतीवर मोठा फळा लावलाय. संपात शेवटपर्यंत राहिलेल्या प्रत्येकाने आपला तक्ता आणायचा आणि चौऱ्याऐंशीच्या ओळीखाली लाल रेघ मारून तो टाचायचा. वर्षभर पगार नाही म्हणून हप्ता नाही, म्हणून ती ओळ रिकामी. पूर्वी माणसं त्या वर्षासाठी सरकारला शिव्या घालायची, आता पदक मिरवावं तशी मिरवतात. अठ्ठावीस कागद लागले आहेत. माल्क क्लाइव्हला रोज विचारतो, "तुझा कुठाय रे? बायकोने पुडीला वापरला की काय?"

मी लाल पेन घेऊन बसले, नेव्ह. ओळ शोधली. ओळ रिकामी नव्हती.

"पूर्ण वर्ष." पुढे "नोकरीतून" आणि रक्कम.

वरची ओळ वाचत असेन म्हणून पट्टी ठेवून वाचलं. मग फोन लावला. पाऊण तास बाजा ऐकवून एक मुलगी बोलली. मी म्हटलं, तुमच्या कागदात चूक आहे, माझा नवरा त्या वर्षी संपावर होता. ती म्हणाली, "चूक नाही, मॅडम. खाणीचाच पगार आहे, चार-पाच महिन्यांचा तरी असेल. उलट बरंच झालं की, एक वर्ष जमेला आहे!"

मी तिला थँक्यू म्हटलं. म्हटलं बघ. मग फोन ठेवला आणि तशीच जिन्याच्या पायरीवर बसले. खिडकीतून क्लाइव्ह दिसत होता, परसात कांद्यांचे वाफे नीट करत होता. एक्केचाळीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपते, तो हा माणूस.

त्या नोव्हेंबरात तो रोज पहाटे चारला उठून जायचा. दुसऱ्या खाणींच्या फाटकांवर पहारा देऊन कामावर जाणाऱ्यांना अडवायला, असं सांगायचा. केरी सहा आठवड्यांची होती. घरात कोळसा नव्हता, तिची छाती घरघर वाजायची. मग कोळसा आला, औषध आलं, रॉकेलची शेगडी आली. मदत समितीने दिलं, म्हणाला. मी त्या समितीतल्या प्रत्येकीला मिठ्या मारल्या होत्या. त्या बावचळून बघायच्या.

तुला एकच विचारायचं आहे. तुझ्या तक्त्यात चौऱ्याऐंशीला काय आहे?

त्याला मी अजून काही बोललेले नाही.

तुझी,
लॉरेन


मेबलथॉर्प
२४ फेब्रुवारी

लॉरेन,

चार वर्षं भरून टाक. तारीख चुकवू नकोस, शेवटच्या आठवड्यात फोन लागत नाही.

लग्न केलं होतं. चांगली होती. सहा वर्षांपूर्वी गेली.

माझं चौऱ्याऐंशी रिकामं आहे. पेन्शन सुरू करताना फोनवरच्या पोराने विचारलं, त्या वर्षी काय करत होतात? म्हटलं, काही नाही. म्हणाला, अरेरे, वाया गेलं की वर्ष.

क्लाइव्हचं आहे तसं राहू दे. त्याला काही विचारू नकोस. मी कधी विचारलं नाही.

केरीची छाती आता कशी आहे?

नेव्हिल


हेक्सबी
गुरुवार, ६ मार्च २०२५

प्रिय नेव्ह,

केरीची छाती उत्तम आहे. ती शाळेच्या पटांगणात ओरडली की आम्हाला घरात ऐकू येतं.

तुझं मी ऐकलं नाही. विचारलं.

मागच्या रविवारी जेवायला बसलो होतो. मी त्याच्या ताटाशेजारी तक्ता ठेवला आणि त्यावर तुझं पत्र. त्याने तुझं पत्र तीनदा वाचलं. रस्सा गार होऊन त्यावर साय धरली. मग मान वर न करता म्हणाला, "नेव्हचा कोट मीच मागून घेतला होता. माझा विकला होता ना, केरीच्या पाळण्यासाठी. नेव्ह म्हणाला, घेऊन जा, मला दुसरा आहे. दुसरा नव्हता त्याच्याकडे."

"त्याला माहीत होतं, तू कुठे जात होतास ते?"

"तेव्हा नाही. त्या दिवशी कळलं."

त्या दिवशी. नेव्ह, मागच्या पत्रात मी त्या दिवसाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. तू मोठेपणाने तो विषय काढला नाहीस. आता मी काढते.

संप मोडून कामावर जाणाऱ्यांची, खिडक्यांना जाळ्या लावलेली बस फाटकात शिरत होती. आम्ही बायका रस्त्याच्या कडेला उभ्या होतो, केरी माझ्या पोटाशी बांधलेली. आत एकच माणूस, कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, दंड तोंडावर आडवा धरलेला. तपकिरी कोटाच्या कोपरावर हिरवं ठिगळ. वेल्डिंगच्या ठिणगीने तुझ्या कोटाला भोक पडलं होतं. माझ्याकडे तपकिरी कापड नव्हतं म्हणून मी माझ्या जुन्या स्कर्टचं हिरवं लावून दिलं होतं. तू हसून म्हणाला होतास, आता मी हरवलो तरी सापडेन.

आणि मीच ओरडले, "तो नेव्हिल आहे!" लोक इतकी वर्षं म्हणतात, कुणीतरी ओळखलं. कुणीतरी म्हणजे मी. दुसऱ्या दिवशी तुझ्या दारावर पांढऱ्या रंगात "फितूर" लिहिलं ते इतरांनी, पण रंगाचा डबा आमच्या परसातला होता. मी तो उचलून त्यांच्या हातात दिला.

संध्याकाळी तू आमच्याकडे आलास. मी दार अर्धंच उघडलं. तू माझ्या खांद्यावरून आत पाहिलंस. क्लाइव्ह शेगडीपाशी केरीला मांडीवर घेऊन बसला होता. त्याने तुझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तू एवढंच विचारलंस, "बाळ कसं आहे?" मी दार तुझ्या तोंडावर आपटलं. मला वाटलं, काय निर्लज्ज माणूस आहे, असं करून वर चौकशी करतोय! तू गाव सोडलंस, तरी बस येतच राहिली. आम्ही म्हणायचो, बाहेरगावाहून आणतात त्याला.

हे सगळं मी रविवारी क्लाइव्हपुढे बोलले. तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि जे बोलला, ते ऐकून तक्ता वाचतानाही बसला नव्हता एवढा धक्का मला बसला.

"पण तुला तर माहीत होतं," तो म्हणाला. "बायको नवऱ्याला ओळखणार नाही? मला वाटलं, मला वाचवायला तू त्याचं नाव घेतलंस. चाळीस वर्षं मला वाटत आलं की आपण दोघं मिळून गप्प आहोत."

मी उठून भांडी घासायला लागले. स्वच्छ घासलेली पुन्हा घासली.

मला शपथेवर सांगू दे, मी फक्त ठिगळ पाहिलं. माझाच नवरा हातभर अंतरावरून गेला आणि मी त्याला ओळखलं नाही. मी ओळखून खोटं बोलले असते ते जास्त वाईट, की एका चिंधीवर विसंबून तुझा जन्म उधळला ते जास्त वाईट, ते तूच ठरव. माझ्याच्याने होत नाही. मला त्याचा राग येतो, मग केरीचं बोलणं ऐकू येतं आणि राग धरता येत नाही. मग जास्तच राग येतो.

आता कालचं सांगते. मी त्याला जा म्हटलं नव्हतं. चाळीस वर्षं झाली म्हणून बँड वाजत होता, क्लब भरला होता. क्लाइव्हने रविवारचा कोट घातला, तक्ता घडी न घालता हातात धरला आणि माझ्या पुढे चालत गेला. माल्क ओरडला, "आला एकदाचा! पेन द्या रे त्याला!" क्लाइव्हने फळ्यापाशी जाऊन कागद टाचला आणि चौऱ्याऐंशीच्या खाली लाल रेघ मारली. मग सगळ्यांकडे तोंड करून म्हणाला, "बसमध्ये नेव्हिल नव्हता. मी होतो. कोट त्याचा होता."

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. बँडवाल्या पोरांना कळेना वाजवायचं की थांबायचं. माल्कने चष्मा लावून ओळ वाचली, मग चष्मा काढून हातातच धरला. तुझ्या दारावर ब्रश त्याने चालवला होता, तुला आठवत असेल. म्हातारा लहान मुलासारखा रडला. आम्ही दोघं घरी आलो. वाटेत कुणी दार लावून घेतलं नाही.

आज सकाळी हप्ते भरले, चारही वर्षांचे. क्लाइव्ह नको म्हणत होता, "माझी काय लायकी." मी म्हटलं, "लायकीचं नंतर बघू, आधी जग. एवढं सगळं बोलून झाल्यावर तू लवकर सुटायचा नाहीस." भरता येतात ती वर्षं मी भरली. उरलेली, पैशांनी न भरणारी, तुझ्याकडे आहेत, नेव्ह.

माल्क सकाळीच दारात आला होता, टोपी हातात घेऊन. क्लाइव्हचा कागद त्याने काढलेला नाही. त्याच्या शेजारी एका कागदाची जागा सोडून तिथे नुसती टाचणी लावून ठेवली आहे. म्हणाला, "नेव्हिलला सांग, तक्ता पोस्टाने पाठवला तर मी लावणार नाही. त्याने स्वतः येऊन लावायचा."

यायचं की नाही, तू ठरव. तुझ्यावर कसलाच हक्क सांगायचं तोंड मला नाही. आलास तर दार पूर्ण उघडीन. आणि तो कोट अजून असेल तर घालून ये. नसेल तर तसाच ये. या वेळी मी चेहऱ्याकडे बघेन.

तुझ्या कोपराला हिरवं ठिगळ लावणारी,
लॉरेन