उंबऱ्यावरचा भंडारा

सोम., ६ जाने.
साताऱ्याहून परत. लोकल बोर्डाच्या निवडणुकीचा अर्ज भरला. मोटारीत हाडं खिळखिळी. वाटेत दादाला बजावलं, निवडणूक माझी, रीत माझी. दारू नाही, जेवणावळ नाही, कुणाला धाक नाही. "बरं बाबा, तुझ्या मनासारखं." थोरला भाऊ इतक्या सहज कबूल झाला म्हणूनच बरं वाटेना.
उभं राहायचं कारण एकच, धनगरवाडीला दवाखाना. पलटणीत असताना, लढाईत चिखलात तंबू ठोकून बसलेला डॉक्टर बघितला. इथे विट्याच्या दवाखान्यापर्यंत बैलगाडीत नेईतो माणूस वाटेतच जातो. बापूसाहेब इतकी वर्षं बोर्डावर, वाडीत पाऊल नाही. परत तेच उभे आहेत, माझ्यासमोर.

रवि., १२
दादा सांगलीच्या पेठेतून हळद घेऊन आला. पोतंभर. एवढी कशाला? "लागंल." हिने डबा भरून घेतला. बाकीची कुठे गेली, विचारलं नाही.

शुक्र., १७
डोकं फिरलंय. हळद बिरोबाच्या देवळात गेली. दादाने देवापुढे भंडारा म्हणून ठेवली आणि सगळ्या वाडीला उचलायला लावली, की मत आप्पालाच देणार. म्हणजे मला. बिरोबाचा भंडारा उचलला की धनगर जीव गेला तरी फिरत नाही. दादाला म्हटलं, यापेक्षा दारू पाजली असतीस तर बरं.
"दारू उतरती रं. ह्ये उतरत न्हाई. म्हून तर."
हसत होता. थोरला नसता तर...
धुळानेही उचलला. धुळा धनगर दरसाल बापूसाहेबांच्या रानात मेंढरं बसवतो. रानाला खत, त्याला दाणे. त्याच्यावर त्याचं घर. त्याला तरी वगळायचं.
उद्या जाऊन सगळं मोकळं करतो म्हटलं. दादा म्हणाला, "मग दवाखाना इसर." उद्याचं जाणं टाळलं.

बुध., २२
बापूसाहेबांना कळायचं ते कळलं. धुळाची मेंढरं रानातून हाकलून दिली. तो डोंगराच्या अंगाला उघड्यावर आहे. थंडी मरणाची. निरोप धाडला, माझ्या रानात बसव. उलट निरोप आला: "आप्पास्नी सांगा, तुमच्या रानात बसलो तर लोक म्हनत्याल, धुळानं मेंढरांसाठनं भंडारा उचलला."


सोम., २७
धुळा गेला. ताप, छाती भरलेली. विट्याला नेत होते. मी गाडीच्या कडेने चालत होतो. ओढ्याच्या अलीकडे त्याने माझ्याकडे पाहिलं, भंडारा उचललेली उजवी मूठ आवळली. ओढा ओलांडायच्या आत संपला.
गाडी तिथूनच वळवली.

शनि., १ फेब्रु.
उंबऱ्यावर चिमूटभर पिवळं. काल पण होतं. ही म्हणते, वाऱ्याने. वारा कधीपासून चिमटीने टाकायला लागला? पण तिने पुसलं नाही, ओलांडून गेली. म्हणजे हा भंडारा आहे, हे तिलाही माहीत आहे.
झोप नाही. लढाईत किती मढी ओलांडली, त्यातलं एक माझ्यामागे घरी आलं नाही. धुळा येतो. मूठ तशीच. मला भीती वाटते, हे इथे लिहायला हरकत नाही.

मंगळ., ४
पहाटे दार उघडं टाकून आत बसलो. कोंडाबाई आली, धुळाची बायको. वाकली, चिमूट ठेवली. मला बघून दचकलीसुद्धा नाही.
"आवं, त्येनं उचलला आन् फेडायच्या आदी गेला. मेलेलं मानूस मत कसं देनार? म्हून परत देते. थोडा थोडा."
म्हटलं, बाई, माझं काही देणं नाही.
"तुमचं न्हाईच. त्येचं हाय."
कोंडाबाईला तर मतसुद्धा नाही. मत सारा भरणाऱ्याला, आणि जमिनीचा सारा धुळाच्या नावावर.

शुक्र., ७
दादाला सांगितलं, रविवारी देवळात जाऊन वाडीला मोकळं करणार. कडाडला. "बापूसायेब आला तर वाडीला काय घावनार? धुळासारखीच गाडीत मरत्याल. तुझं मन सोवळं ऱ्हाईल, बस तेवढंच."
खोटं नाही. तरी जाणार.

रवि., ९
गेलो. दादा आला नाही. देवापुढे ओंजळ धरली. म्हटलं, माझ्या नावाने उचललेलं माझ्या हातात टाका, तुम्ही मोकळे. कोणी हलेना. शेवटी म्हातारा सिदाबा उठला.
"मोकळं केलंसा?"
केलं.
"मग मत कुनाला, त्ये बी इचारायचं न्हाई."
नाही विचारत.
त्याने चिमूट टाकली. मग एकेक जण. ओंजळ भरत आली. सगळा भंडारा देवाच्या पायाशी ओतला.
कोंडाबाई खांबाला टेकून उभी. हाक मारली. हलली नाही. म्हणाली, "ज्येनं उचलला, त्येच्या हातनं घ्या."

मंगळ., ११
मतदान. वाडी झाडून आली. मला रामराम, बापूसाहेबांना पण रामराम, तेवढाच वाकून. एकाच्याही तोंडावरून काही कळलं नाही. बरंही वाटलं, वाईटही. दादा समोर येत नाही.

बुध., १२
उद्या साताऱ्यात मोजणी. हरलो तर दवाखाना गेला आणि दादाचं खरं झालं. जिंकलो तर बांधीन, हट्टाने बांधीन. पण ओढ्याच्या अलीकडे ती गाडी थांबलेलीच राहणार.
ही म्हणाली, हात धुवा, अजून पिवळे आहेत. धुतले. आहेत तसेच.
आज पहाटेही पावलं वाजली. दार उघडलं नाही, पडून ऐकत राहिलो. उजाडल्यावर बघितलं, चिमूट जागेवर. उद्याही असणार.
मोटार सकाळची आहे. घरातून निघायचं तर उंबरा ओलांडावा लागेल.