मधल्या घडीतली आजी

जयनगर, रविवार

प्रिय सुखदा,

उद्या पुस्तक छापायला जाणार आणि माझा मजकूर अजून तुझ्या हाती नाही. तू तीनदा फोन केलास, तिन्ही वेळा मी 'स्वल्प थांब' म्हणून वेळ मारून नेली. आळस म्हणू नकोस, आठ दिवस रोज सकाळी टेबलाशी बसतोय. कारण पत्रातच लिहितो. फोनवर तू वाद घालशील आणि मी हरेन.

अव्हेन्यू रोडवरच्या आमच्या कागदाच्या दुकानात तू यायचीस, तेव्हा सर्जापूर रोडच्या कुठल्याशा कंपनीत नोकरीला होतीस. दर शनिवारी जाड कागद अंगठ्याने चोळून बघायचीस आणि एकच ताव घेऊन जायचीस. सावित्रीच मला म्हणाली, अहो, या मुलीला तुमच्या गोष्टी दाखवा. पुढे तू चित्रं काढण्यासाठी नोकरी सोडलीस आणि पुण्याहून तुझ्या आईचा फोन आला, की अण्णा, हिच्या डोक्यात काय भरवलंत. मी काही भरवलं नव्हतं, पण श्रेय गुपचूप घेतलं. गेल्या वर्षी दिल्लीत तुला पुरस्कार मिळाला, तेव्हाही टाळ्यांतला निम्मा वाटा मी मनातल्या मनात उचलला होता.

आपल्या पहिल्या पुस्तकात तू आजीचा चेहरा नेमका दोन पानांच्या मधोमध काढला होतास. छापून आलं तर चेहरा मधल्या घडीत गडप. ती आजी सावित्रीवरून काढलेली, म्हणून ती बिचारी पुस्तक ताणून ताणून स्वतःला शोधत होती. शेवटी शिलाईच उसवली. तू आमच्या स्वयंपाकघरात बसून रडलीस, आणि पुढची सात वर्षं त्या घडीच्या बोटभर जवळही माणूस काढला नाहीस.

आणि आता या पुस्तकात, सावित्री गेल्यावर मी लिहिलेल्या गच्चीतल्या आजीच्या गोष्टीत, तू आजीला पानागणिक त्याच घडीकडे सरकवत नेलंस. मला ते आधी कळलंच नाही. गेल्या आठवड्यात येलहंक्याला तुझ्या घरी शेजारची मुलं जमवलीस, नुसती चित्रं कळतात का ते बघायला नेहमीसारख्या माझ्या वाक्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्यास आणि कच्चं पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलंस. मी मागे बसून वाट बघत होतो, कुणीतरी विचारेल पट्टीखाली काय लिहिलंय. कुणी विचारलं नाही. एका पानावर आजीचा फक्त झारी धरलेला हात घडीबाहेर उरला होता. चार वर्षांच्या शिल्पाश्रीने त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "अज्जी ओळगे होद्रु." आजी आत गेली. मग तिने हळूच पान उलटलं. तिथे आजी नव्हती. नात दोन्ही हातांनी जड झारी उचलत होती. शिल्पाश्री 'सरी', म्हणजे बरं, म्हणाली आणि पुस्तकाला टेकून बसून राहिली.

त्या पानावर माझं वाक्य होतं, 'आजी आता चांदणी झाली होती.' या वाक्यावर मी स्वतःच खूश होतो. पट्टीखाली झाकलेलं होतं म्हणून अब्रू वाचली. सुखदा, मी चाळीस वर्षं मुलांसाठी लिहितोय. मरण इतक्या मायेनं, इतकं खरं सांगता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी थक्क झालो, आणि खरं सांगायचं तर थोडा घाबरलोही. ज्या मुलीला मी कागदाचा ताव गुंडाळून देत होतो, तिने हे केलं.

तेव्हा मजकूर येणार नाही. आठ दिवस एकेक वाक्य खोडत होतो, आज शेवटचं खोडलं. पुस्तक शब्दांशिवाय छाप आणि वर एकटं तुझं नाव घाल. हा रुसवा नाही. सावित्री गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाने ती कुठे गेली ते मला समजावून सांगितलं, पण एकाचंही पटलं नाही. त्या दिवशी येलहंक्याला पटलं. आज सकाळी दीड वर्षानंतर गच्चीवर गेलो आणि तिच्या कुंड्यांना पाणी घातलं.

तुझाच,
हयवदन अण्णा