आवाज शून्य, मामी बावीस

तीर्थरूप मामा,

शिरसाष्टांग नमस्कार. (ही ओळ आईने शेजारी उभं राहून लिहून घेतली. यातली आठ अंगं नक्की कुठली, असं मी विचारलं, तर म्हणाली आधी पत्र लिही.) तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? बोगद्याच्या कामावर ओल असणार, तर मोजे रोज बदलतोस ना, असं आई विचारते. बोगद्यात वटवाघळं आहेत का आणि ती ड्रिलच्या आवाजाने चिडतात का, असं मी विचारते. तिथे फोन लागत नाही हे मान्य, पण सामानाची गाडी सोमवारी तुमच्याकडे पोचते आणि गुरुवारी परत निघते. म्हणजे उत्तर लिहायला तुझ्याकडे चांगले तीन दिवस आहेत. हे डोक्यात ठेव, पुढे लागणार आहे.

इकडे सगळे मजेत. तुझी गाडीसुद्धा मजेत. (गाडी म्हटल्यावर तू ताठ बसला असशील तर परत टेकून बस. कुठेही खरचटलेलं नाही.) जाताना तू मला किल्ली दिलीस आणि दोनच गोष्टी सांगितल्यास. एक, दर आठवड्याला सकाळी वीस मिनिटं फिरव, म्हणजे बॅटरी उतरणार नाही. दोन, स्क्रीनला हात लावू नकोस. पहिली गोष्ट मी अगदी घड्याळ लावून पाळली. दुसरीबद्दल हे पत्र आहे. पण मामा, जिला तू पाचवीपासून ‘चौकशी खिडकी’ म्हणतोस, तिला एवढ्या मोठ्या स्क्रीनसमोर एकटीला सोडायचं आणि वर हात लावू नकोस म्हणायचं, हे म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला सांगण्यासारखं आहे.

आणि पहिल्या दिवशी मी खरंच हात लावला नव्हता. देवाशप्पथ. आवाज शून्यावर होता, गाडीत चिडीचूप. मी पुलाच्या चढावर पोचले, समोर गाड्या तुंबलेल्या, आणि एकदम गाडीच्या पोटातून मामी बोलली. मोठ्याने. पुलावर ट्रक बंद पडलाय, डावी बाजू मोकळी आहे, घाई करू नका. माझ्या हातातून स्टिअरिंग सुटायचंच बाकी होतं. मामी रेडिओवर रोज सकाळी रस्त्यांच्या बातम्या देते हे मला माहीत नाही असं नाही, पण रेडिओचा आवाज शून्य आहे म्हटल्यावर मला ते सुचणार कसं? मला वाटलं ती मागच्या सीटवर आहे. मी वळूनसुद्धा न बघता म्हणाले, हो मामी, घाई नाही करत, वीसच मिनिटं चालवतेय. (शेजारच्या रिक्षातला माणूस माझ्याकडे बघत होता.) दहा मिनिटांनी परत तेच. मध्ये शांतता, मग मामी, मग शांतता.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले वायरिंग गेलं असेल. आई म्हणाली, एवढी इंग्लिश मिडीयमला घातली, स्क्रीनवरची चार अक्षरं वाचता येत नाहीत? आता तिला कसं सांगू की ती अक्षरं इंग्लिशमध्ये नाहीतच! ती कुठल्याच भाषेत नाहीत. टीए, टीपी, एएफ, पीटीवाय. शिवाय एक घर, एक चांदणी, एक गोल फिरणारा बाण, आणि एक असं चित्र की ज्याला मी तीन आठवडे कोळ्याचं जाळं समजत होते, ते अँटेना निघालं. मग मी एक वही केली. डाव्या बाजूला चिन्हाचं चित्र, उजव्या बाजूला माझा अंदाज, खाली दाबल्यावर खरोखर काय झालं ते. एकूण एकवीस चिन्हं. अंदाज बरोबर आले चार. पीटीवाय म्हणजे पार्टी असणार अशी माझी खात्री होती. दाबलं, तर एक गृहस्थ मूळव्याधीवर बोलायला लागले. (पीटीवाय म्हणजे कार्यक्रमाचा प्रकार निवडायचा. मी आरोग्य निवडलं होतं.)

गॅरेजवाल्या काकांकडे गेले. त्यांनी बॉनेट उघडलं. मी म्हटलं काका, प्रॉब्लेम स्क्रीनवर आहे. ते म्हणाले, प्रॉब्लेम कुठेही असो, आम्ही सुरुवात इथून करतो. शेवटी दोन पानं पुढे, दोन मागे असं करत गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यातलं जाडजूड पुस्तक मी अख्खं वाचलं, म्हणजे आजपर्यंत तेवढं जगात कोणीच वाचलं नसेल. एएफ सगळ्यात गोड आहे. गाडी लांब गेली आणि स्टेशन खरखरायला लागलं, की ते गुपचूप त्याच स्टेशनचा दुसरा टॉवर शोधतं. आवाज तोच, वाट दुसरी. (सध्या मी तुझी एएफ आहे असं समज.) आणि टीए म्हणजे रस्त्यांच्या बातम्या. हे चालू असेल, तर तुम्ही गाणं ऐका, आवाज बंद ठेवा, काहीही करा, बातमी आली की गाडी सगळं थांबवून ती ऐकवते. आणि तिचा आवाज वेगळा ठरवता येतो. तुझ्या गाडीत रेडिओचा आवाज होता शून्य. टीएचा होता बावीस.

मामा, मी वहीत त्या बावीसखाली दोन रेघा मारल्या. कारण तुमच्या घरचं रोजचं संभाषण मला पाठ आहे. मामी विचारते, आज माझं रेडिओवर कसं झालं? तू म्हणतोस, रेडिओ लावलाच नव्हता गं. आणि ती ताट जरा जोरात ठेवते. म्हणजे इतकी वर्षं तू खोटं बोलत नव्हतास, रेडिओ खरंच लावलेला नसायचा. तू फक्त तिच्यासाठी एक खिडकी उघडी ठेवून, बाकी सगळं बंद करून ऑफिसला जायचास. हे तू तिला का सांगितलं नाहीस, हा माझ्या वहीतला बाविसावा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर पुस्तकात नाही.

हे मी एवढं लांबण लावून का सांगतेय, तर मामीला रेडिओ स्टेशनात वरच्या मजल्यावरचं टेबल देताहेत. कोण कधी बोलणार याचे तक्ते करायचे, माईक नाही. शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. परवा आमच्या स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता ती आईला अगदी सहज म्हणाली, “वन्सं, मी बोलते ते कोणाला हवं असतं? गाडीत बसलेला माणूस गाणं कधी लागतं याची वाट बघतो. घरातलाच ऐकत नाही, तर बाहेरच्याचं काय घेऊन बसलात.” आईने आणखी एक जुडी पुढे ओढली. मी गुपित फोडलं नाही, आणि माझ्यासाठी ते किती अवघड आहे तुला माहीत आहे. पण हे मी सांगून चालणार नाही ना? हे तू सांगायचंस. एक ओळ लिही. गुरुवारच्या गाडीने पाठव, शुक्रवारी मी स्वतः तिच्या हातात देते.

मोज्यांकडे लक्ष दे.

तुझी भाची,
चौकशी खिडकी

ता.क. वर सगळं छान जमलंय म्हणून एक गोष्ट लिहायची राहिली. तो गोल फिरणारा बाण मी टीएचा बावीस बघून झाल्यावर, सगळ्यात शेवटी दाबला; माझा अंदाज होता की स्क्रीन ताजी होते. झाली. म्हणजे शोरूममधून निघाली तेव्हा होती तेवढी ताजी. तुझी सेव्ह केलेली सहाही स्टेशनं गेली, घड्याळ बारावर जाऊन बसलं. कृपा करून ती सहा स्टेशनं कुठली होती ते कळव, आणि ओरडायचं असेल तर वेगळ्या कागदावर ओरड, कारण पत्र घरात सगळे वाचतात.

ता.क. २. घोटाळा झाला. वही टेबलावर राहिली आणि मामीने ती वाचली. अख्खी, मूळव्याधीसकट. मग मला सगळं सांगावंच लागलं. तर ती हसली. म्हणाली, “अगं वेडे, त्याला ते बंद कसं करायचं हेच माहीत नसणार. टीव्हीचा रिमोट तरी येतो का तुझ्या मामाला?” मामा, तुला रिमोट खरंच येत नाही.

ता.क. ३. मग मला बाण आठवला. मी मामीला तशीच खाली गाडीत नेलं आणि दाखवलं. सगळं पुसलं गेल्यानंतर, म्हणजे कंपनीतून येतं तसं, टीए बंद आहे. आणि टीएचा आवाज पंधरा आहे. म्हणजे कोणीतरी ते मुद्दाम शोधून चालू केलं आणि पंधराचे बावीस केले. एकेक दाबत. बोट चुकून एकदा लागतं, सात वेळा नाही लागत. मामी तो पंधराचा आकडा बघत बसली. मग म्हणाली, बावीस म्हणजे जरा जास्तच, कान किटतील माणसाचे, अठरा पुरे. मी टीए चालू करून अठरावर ठेवलं. शनिवारचं काय, असं विचारलं, तर म्हणाली, बघू गुरुवारची गाडी काय आणते.

ता.क. ४. पाकीट चिकटवायच्या आधी गाडीत पेन राहिलं होतं ते आणायला गेले. किल्ली मघापासून मामीकडेच होती, तिच्याकडून मागून घेतली. स्क्रीनवर बावीस आहे. मी हात लावलेला नाही.