गोमा आजा आणि बारकी आजीला परत एका चुलीवर आणायचं

१० एप्रिल
आजपासून दोन कामं. एक, तोंड आवरायचं. दोन, गोमा आजा आणि बारकी आजीला परत एका चुलीवर आणायचं.
होळीला भांडून आजी ओढ्यापलीकडच्या रिकाम्या झोपडीत जाऊन बसलीय. हे दोघं मरत नाहीत. आमच्या पाड्यावर कोणाला त्याचं नवल नाय. माझ्या सासूच्या सासूच्या लग्नात पण ते म्हातारेच होते. आधार कार्डाला आजाचं साल कॉम्प्युटर घेईना, तर त्या माणसाने मनानेच टाकलं.
माझा नवरा चंदर पण होळीपासूनच टोकावड्याला ढाब्यावर आहे. आमचं भांडण नाय. ड्युटी आहे. जाताना म्हणाला, आजा-आजी एक झाले की येतो. हसत म्हणाला, पण म्हणाला.

११ एप्रिल
शेजारच्या रंजिता आणि भिमीला बोलावलं. भिमी म्हणते, त्या दोघांनाच विचारूया काय पाहिजे ते. त्यात विचारायचं काय? तिला गप्प केलं. ओरडले नाय. आवाजच तसा आहे माझा.

१४ एप्रिल
प्लॅन पहिला. आजाला गोधडीत निजवला आणि भिमीला पलीकडे धाडली, आजा शेवटच्या घटका मोजतोय म्हणून. आजी करवंदं निवडत होती. म्हणाली, मोजू दे, त्याला कुठे विसाच्या पुढे मोजता येतं.
भिमी नीट रडली नाय. तिचीच चूक.

२० एप्रिल
मुरबाडच्या बाजारातून लुगडं आणलं, आजाने दिलंय म्हणून आजीला नेऊन दिलं. तिने उलटंसुलटं करून बघितलं. म्हणाली, हौसे, त्याने मला मागितल्याशिवाय कधी पाणी नाय दिलं, हे तुझंच काम. ठेवून मात्र घेतलं. म्हणजे विरघळतेय.
मग मलाच विचारते, तुझा कधी येतो गो? म्हटलं ड्युटी आहे. ती लुगड्याची घडी घालत माझ्याकडे बघत राहिली. आगाऊ म्हातारी.

२३ एप्रिल
आजाला विचारलं भांडण कशाचं. वाघाचं. रोज जेवताना हा सांगतो वाघ मी मारला. ती म्हणते वाघ मी मारला, हा झाडावर होता. एवढंच! मी एका दिवसात मिटवते.

२७ एप्रिल
पंच बसवायचे ठरवलं. पंढरीदादा आमच्या पंचांत मोठा. म्हणाला, या दोघांसाठी नको बसवू गो, माझ्या बापाने नाय बसवले, त्याच्या बापाने पण नाय. का ते सांगत होता. मला टाइम नव्हता. तयार केला त्याला.
आजाला सांगितलं तर डोळ्यांत पाणी. खरंच पंच बसतील? असं दोनदा विचारलं. आजीने तर नवं लुगडं काढून ठेवलं. भिमीला म्हटलं, बघ, याला डोकं लागतं.
चंदरला फोन केला. म्हणाला, पुढच्या रविवारी येतो, मला पण बोलायचंच आहे.
बघा.

३ मे
अंगण सारवलं. मोठा टोप मागून आणला. चंदरला आवडतो म्हणून जवळा. पोपटी साडी काढली. रंजिता म्हणाली, लग्न तुझं आहे काय? बोलायचं होतं, आवरलं.

४ मे, रविवार, दुपारी
सगळे आले. चंदर दाढी करून आलाय. आजा-आजी शेजारी शेजारी बसलेत. झालं काम.

४ मे, संध्याकाळी
आजा उठला. म्हणाला, आमची काडी मोडून द्या. आजी म्हणाली, कधीपासून मागतोय.
पंढरीदादाने तेव्हा सांगितलं. दर पिढीला हे पंचांकडे जायचे सोडचिठ्ठी मागायला. पंच न बसताच म्हणायचे, आता किती दिवस उरलेत तुमचे, काढा तसेच. ते सगळे पंच मेले, हे दोघं उरले. एवढ्या जुन्या जोडप्याची काडी मोडायचं पाप नको म्हणून पुढे कोणी बसायलाच तयार नव्हतं. एकदा बसले की निकाल दिल्याशिवाय उठता येत नाय, ही आमची रीत.
काडीचं एक टोक आजाने धरलं, एक आजीने. मोडली. दोघं हसले. कधी बघितले नव्हते तसे हसताना.
मग चंदर खाकरला. म्हणाला, पंच बसलेच आहेत तर आमची पण.
मला वाटलं मस्करी.
पंढरीदादाने दुसरी काडी मागितली. कोणाकडे नव्हती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. घर माझं, अंगण माझं. मीच खराट्यातून काढून दिली. चांगली सरळ बघून.

५ मे
काल पूर्ण दिवस तोंड आवरलं. एक शब्द बोलले नाय.
आजी उरलेला भात खायला आली. विचारलं, हे किती दिवस दुखतं? म्हणाली, मी तर कालच सुटले, मला काय माहीत.
थोड्या वेळाने आजा आला. त्याला एकट्याला चूल पेटवता येत नाय म्हणे. दोघं माझ्या चुलीपाशी बसून जेवले, एकमेकांकडे पाठ करून. वाघाची गोष्ट आता तो मला सांगतो. तो थांबला की ती सांगते.
उद्यापासून रोज येणार म्हणाले.
हे दोघं मरत नाहीत.