दोन गिरिधर आणि माझी प्रश्नावली

नागपूर, रविवार

तीर्थरूप देवराव मोठेबाबा,

तुमच्या आणि मोठीआईच्या पायांवर डोकं ठेवून मयुरा हे पत्र लिहिते. गुडघा कसा आहे? तेल लावता की बाटली नुसती कपाटात शोभेला ठेवली आहे? (मोठीआई सांगेलच, तुम्ही खोटं लिहू नका.) फोन न करता पत्र लिहून राहिले, कारण फोनवर मी 'क्रिमिनॉलॉजी' म्हटलं की तुम्ही "कोणतं क्रीम?" विचारता. तर हे गुन्हेगारीचं शास्त्र आहे, सोबत गुन्हेगाराचं मानसशास्त्र. यात पोलिसात भरती होत नाही. तुम्ही मात्र तिकडे कन्हान गावभर सांगून ठेवलं आहे की पोरगी फौजदार झाली. परवा तिकडून एका गृहस्थांचा फोन आला, म्हैस हरवली म्हणून. मी काय करणार? म्हशीचं वय आणि स्वभाव विचारून घेतला.

इकडे बाबांनी मला एकच सेमिस्टर दिलं आहे. पहिल्या प्रकल्पात नापास झाले तर मुकाट्यानं बी. एड. करायचं. प्रकल्प असा की शिक्षा भोगून आलेल्या एका माणसाची मुलाखत घ्यायची. आमच्या अरुंधती मॅडमनी बजावलं होतं, 'गुन्हा', 'तुरुंग', 'शिक्षा' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, समोरचा माणूस मिटून जातो. मोघम विचारायचं, 'आत', 'बाहेर' असं. सुटून आलेल्यांना मदत करणाऱ्या एका संस्थेनं पत्ता दिला: गिरिधर, नंदनवन, देवळामागे, निळं फाटक. हिंगण्याच्या एका कारखान्यातून तांब्याची तार चोरली, तीन वर्षं आत.

मी गेले. निळं फाटक, दारात साठीचे गृहस्थ. गिरिधर तुम्हीच ना, विचारलं, तर म्हणाले, "ये पोरी, तुझीच वाट पाहून राहिलो." (गुन्हेगार इतका अगत्यानं वागतो हे पुस्तकात नव्हतं. मी वहीत लिहिलं: वरवर गोड.)

"आत किती वर्षं होता तुम्ही?" मी सुरुवात केली.

"बत्तीस."

मी कागद पाहिला. "तीन ना?"

"तीन नागपूरले. बाकी भंडारा, गडचिरोली, मंग पुन्हा इथंच. एका जागी ठेवतेत कुठं!"

मी खुर्ची थोडी दाराकडे सरकवली, मोठेबाबा. इतका भयंकर माणूस की एका जागी ठेवायची सोय नाही! तरी धीर करून विचारलं, सोबतचे लोक कसे होते. "चोर होते सारे," ते म्हणाले, "पण मनानं चांगले." मग बाहेर आल्यावर घरच्यांनी कसं घेतलं, तर त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून आवाज उतरवला. "बायको म्हणते, दिवसभर घरात काहून बसता, जा ना पुन्हा तिकडंच."

"आणि तुम्हाला जावंसं वाटतं?"

"रोज. साडेनऊ वाजले का पाय आपोआप चपलेत जातेत." त्यांचे डोळे भरून आले. "हे मले आजवर कोणीच विचारलं नाही."

मी लिहिलं: पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता, रोज, साडेनऊ वाजता.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी जिजाबाई पोहे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "स्मरणिकेत ह्यांचा फोटो छापसान ना वं?" कोणती स्मरणिका? तर त्यांच्या जुन्या कचेरीतून निवृत्त लोकांच्या आठवणी लिहून घ्यायला कोणीतरी येणार होतं. त्यांनी फोटोही आणून दिला. हार, शाल, हातात नारळ. तुरुंगातून सोडताना शाल-श्रीफळ देतात की काय, म्हणून मी एक क्षण त्याचीही नोंद करणार होते. मग डोक्यात प्रकाश पडला आणि मी सगळं खरं सांगून टाकलं.

जिजाबाई इतक्या हसल्या की पोह्यांची बशी खाली ठेवावी लागली. गिरिधरकाका हसले नाहीत. चष्मा काढून पुसत म्हणाले, "म्हणजे तुले माझ्याशी बोलायचंच नव्हतं."

 मी वही मिटली. तेच उठले, इस्त्रीचा शर्ट चढवला, खिशाला पेन लावला. "तो गिरिधर मागच्या गल्लीत राहते, त्याचंही फाटक निळंच. चाल, दाखवतो."

दुसऱ्या गिरिधरनं दार चार बोटं उघडलं. "मले काही बोलायचं नाही."

"मलेही नव्हतं बोलायचं गा," काका म्हणाले. "पण पोरगी चांगलं विचारते." आणि ते सरळ त्याच्या पायरीवर बसले. "दहा वर्षं झाली, तू दिसला का मी रस्ता बदलतो. आता तूच सांग, बाहेर आल्यावर दिवस कसा काढतं तू?"

त्यानं आतली साखळी काढली. मग दार पूर्ण उघडून शेजारी येऊन बसला. दीड तास दोघं बोलले. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही. मी फक्त लिहीत होते.

घरी येऊन वही उघडली तर कोण काय म्हणालं ते लिहायचंच राहिलेलं. 'सकाळी जायले जागाच नाही', 'नाव विचारलं का लोक मागचं विचारतेत', 'झोपेत अजून हजेरी होते'. यातलं कचेरीचं कोणतं आणि तुरुंगाचं कोणतं? मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि तसंच देऊन टाकलं. मॅडमनी दोनदा वाचलं. "यात गुन्हेगार कोणता?" म्हणाल्या. मी म्हटलं, "मॅडम, तेच समजून नाही राहिलं." त्यांनी मला पास केलं. का, ते मी विचारलं नाही. काल जिजाबाईंचा फोन होता: दोघा गिरिधरांनी मिळून घरातला पंखा खोलला आहे आणि आता जोडता येत नाही.

थोरांना नमस्कार, लहानांना पापा, मोठीआईला माझ्याकडून एक घट्ट मिठी.

तुमची (फौजदार नसलेली)
मयुरा

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलंच. पुढच्या सेमिस्टरला तुलनेसाठी आयुष्यात एकही गुन्हा न केलेला माणूस हवा आहे. बाबांना विचारलं तर ते अंघोळीला गेले. म्हणून मॅडमना तुमचं नाव दिलं. सोबत फॉर्म आहे, खाली सही करून पाठवा.

ता. क. २. पाकीट चिकटवायला आईकडे डिंक मागितला आणि तुमचं नाव दिल्याचं बोलले. आई म्हणाली, "अवं, त्यायले काहून विचारलं!" बाबा म्हणाले, "चूप राय, सत्त्याऐंशी सालची गोष्ट आहे ते." आता दोघंही माझ्याशी बोलून नाही राहिले. तरी मोठेबाबा, सही करू नका. ती गोष्ट लिहायला फॉर्मची मागची बाजू कोरी आहे. पुरली नाही तर पानं जोडा.