मधल्या खोलीतली नोकरी

पवनानगर, चुलीपुढून
सोमवार, १२ जानेवारी

चि. सत्यम यास आजीचे अ. उ. आ. आणि वर एक गरम भाकर.

एका घरात असून पत्र लिहायची पाळी आली. कानावर ती पट्टी चढवलीस की मला बोटानं गप म्हणतोस, म्हणून हे चहाच्या बशीखाली सरकवतेय. चौथीपुरतं शिकले ते आज कामाला आलं. लेका, मला लय आनंद झालाय. पुण्याचं हापिस सोडून घरून काम कर म्हणाला त्या साहेबाचं भलं होवो. शेजारचा भिमाजी इचारत व्हता, धडधाकट नातू घरी का बसलाय, काढलं का काय. मी म्हटलं, मोठ्या कामावर हाय, तुझ्यासारखा पारावर न्हाई. चंद्री गायबी तुझा आवाज ऐकून हंबरती. दुपारी वांगं करू का बोंबील, तेवढं मागं लिही.

लोभ हायच, भूकबी असू दे.
धोंडाबाई

मधली खोली, त्याच दुपारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

वांगं कर. पण आजी, मी अगदी हतबल झालोय. कुणाचं पार्सल पोचलं नाही, कुणाचे पैसे अडकले, अशा लोकांचे फोन घेऊन त्यांची समजूत काढायची, हेच माझं काम. साहेब पुण्यातून मधूनच हे फोन ऐकतात. सकाळी तू आत येऊन ‘जेवलास का?’ विचारलंस, तर फोनवरच्या साताऱ्याच्या गिऱ्हाइकानंच ‘अजून नाही’ म्हणून सांगितलं! मग चंद्रीची घंटा वाजली. दोनदा ताकीद झाली. तिसऱ्यांदा घरचा आवाज गेला तर परत पुण्याला, त्या भाड्याच्या खोलीत. मला जायचं नाही गं. संध्याकाळपर्यंत घर शांत ठेवशील?

लोभ असाच राहू दे, जरा हळू आवाजात.
तुझा सत्यम

अंगणातून, गुरुवार, १५ जानेवारी

चि. सत्यम यास अ. उ. आ., हळूच.

घंटा काढून खुंटीला अडकवली. कोंबड्या भिमाजीकडं धाडल्या, भांडीबी त्याच्याच दारात घासते. जीपवाल्या सोपानला काठी दाखवली, आता तो दारावरनं हॉर्न न वाजवता जातो. सारं घर गप केलं, अन् मग तुझं बोलणं भाईर ऐकू याया लागलं. मला वाटायचं, तू आत साहेबी करतोस. तू तर सारखा माफ करा, माफ करा म्हणतोस. न केलेल्या चुकीची कसली रं माफी? तुझ्या आजोबांनी चुकले तरी कधी मागितली न्हाई. काल संक्रांतीचा लाडू मला गोड लागला न्हाई. दाराशी येते, कडीला हात लावते, परत फिरते. काय करावं कळंना.

लोभ कमी करू म्हटलं तरी व्हत न्हाई.
आजी

मधली खोली, शुक्रवार

ती. आजीस सा. न. वि. वि.

मनाला लावून घेऊ नकोस. गिऱ्हाइकं चिडून बोलतात ते मला नाही, कंपनीला. हापिसात आजूबाजूला सगळेच माफी मागायचे, त्या कालव्यात माझी मला ऐकू यायची नाही. इथं येते. आजोबांचा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवलाय, रागावू नकोस. दार मात्र उघडू नकोस.

लोभ दाराबाहेरूनच कर.
सत्यम

पवनानगर, गुरुवार, २२ जानेवारी

चि. सत्यम यास पुण्याच्या पत्त्यावर अ. उ. आ.

हे सोपानकडं दिलंय, कामशेतला पोस्टात टाकील.

शनवारी एकाच गिऱ्हाइकाची तू माफी मागत राहिलास, अन् बोलता बोलता तुझा आवाज बंदच पडला. मग माझ्यानं राहवलं न्हाई. दार उघडून ती पट्टी तुझ्या कानावरनं ओढली अन् त्या माणसाला सुनावलं, की पोरानं सकाळपासनं पाणी घेतलं न्हाई, तुमचं पार्सल काय त्यानं खाल्लं न्हाई. त्या माणसानं फोन ठेवला. पण साहेबानं ऐकलं. तिसरा आवाज माझाच गेला रं. तू उठलास. पिशवी भरलीस, आजोबांचा फोटो सरळ केलास, अन् सवयीनं मलाच माफ कर म्हणालास.

चंद्रीला घंटा बांधली. कोंबड्या परत आणल्या. सोपान दारातच हॉर्न वाजवतो. आता घरात कितीबी गलका झाला तरी कुणाला तरास न्हाई. पण मधल्या खोलीवरनं जाताना मी अजून पाय न वाजवता जाते.

लोभ हाय तसाच हाय. जेवलास का, ते मागं लिही.
आजी