मागून येणारा आवाज

८ नोव्हें., शनि.

जुनी गाडी म्हटल्यावर आवाज करणारच, हे मला सांगू नका. बसलाय का तुम्ही त्या गाडीत? नाही ना? मग थांबा जरा. साठच्या खाली काही नाही. साठ ओलांडलं की मागून घूंऽऽ. ॲक्सिलरेटर दाबला की जाड होतो, सोडला की बारीक. काचा लावून, पंखा बंद करून बारा कि.मी. हेच ऐकत आलेय.

गाडी घेऊन चौथा दिवस. फोर बाय फोरच पाहिजे होती, उजनी धरणाच्या काठाला गाळात रुतणार नाही अशी. पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवीन म्हणते. कॉलेजातलं तासिकेवरचं शिकवणं सोडलं आणि माझी कादंबरी कोणी छापत नाही, तर निदान हे. विकणारा होटगीचा, बरा माणूस. म्हणाला, "पंधरा दिवस चालवा, मन न्हाय बसलं तर आणून लावा."

आप्पांनी, माझ्या वडिलांनी, पास केली म्हणून घेतली. आप्पांनी तीस वर्षं रेल्वेत डब्यांच्या चाकांवर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून तडा ओळखलाय. त्या दिवशी होटगी रोडला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ठणठणीत हाय. घे."

आज म्हटलं, आप्पा, मागून घुमतंय.

"टायरचं असंल."

९ नोव्हें.

टायर नाही. रस्ता बदलला की टायरचा आवाज बदलतो, हा डांबरावर तोच, सिमेंटवर तोच. चाकाची बेरिंगही नसावी. वळणावर गाडी एका बाजूला झुकते तेव्हा ती बोलते, ही बोलत नाही. वाचून वाचून डोळे गेले. झोपेतपण घूं.

११ नोव्हें.

तरी पुढचे टायर मागं, मागचे पुढं करून घेतले. आवाज जिथं होता तिथंच.

शेजारच्या वहिनी मिक्सर घेऊन आल्या. शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीत काहीही कुरकुरलं की आप्पांकडंच. आप्पांचं नेहमीचं: "आवाज कसा येतोय, तोंडानं काढून दाखव की." वहिनी लाजत लाजत: कर्रऽऽ खट. कर्रऽऽ खट. लई हसलो. आप्पा म्हणाले, "खालचं कपलर झिजलंय." उघडलं तर झिजलेलंच.

मला म्हणाले, "तूबी काढ की तुझ्या गाडीचा." काढला. मान हलवली नुसती.

१४ नोव्हें.

सलीमभाईंचं गॅरेज. गाडी उचलून, चारी चाकं हवेत फिरवून बघितली. आप्पा खाली गेले. लांब पान्याचं एक टोक गिअरबॉक्सला टेकवलं, दुसरं कानामागच्या हाडाला. डोळे मिटलेले. मग प्रत्येक चाकाजवळ. मग मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या पेटीला, डिफरन्शियलला. थांबले. परत टेकवलं.

"हितं हाय. आतली बेरिंग खरखरतीया."

सलीमभाईंनी पण लावून बघितलं. "आप्पा, कान हो तो ऐसा."

मला इतकं बरं वाटलं की वेड्यासारखी सगळ्यांना चहा सांगितला. पहिल्या दिवशी गाडी उचललीच नव्हती, म्हणून राहिलं असणार. असंच असणार.

सलीमभाई म्हणाले, खात्री करू. मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट उद्या काढून ठेवतो, गाडी नुसती पुढच्या चाकांवर पळवू. आवाज गेला, तर दुखणं मागंच.

१५ नोव्हें.

अक्कलकोट रोड. सलीमभाई चालवतायत, आप्पा त्यांच्या शेजारी, मी मागं. साठ. सत्तर. ऐंशी.

काही नाही. सीटखाली पाण्याची बाटली गडगडत होती ती ऐकू आली मला, इतकी शांत. गेला! म्हणून ओरडणारच होते.

आप्पा म्हणाले, "हाय अजून. तसाच घुमतोय."

सलीमभाईंनी आरशातून माझ्याकडं बघितलं. मी बाहेर बघितलं. ज्वारी. विजेचे खांब. ज्वारी.

"हां आप्पा," ते म्हणाले, "थोडा है."

मी ते खपू दिलं. म्हणजे खोटं दोघं बोललो.

१६ नोव्हें.

आई शेंगाचटणी कुटत होती. तिला सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"दोन वर्षं झाली."

तुला माहीत होतं?

"एका घरात राहतो आम्ही. लोकं तोंडानं काढून दाखवत्यात, ते तोंडाकडं बघत्यात. निम्मं त्यातनं, निम्मं हात लावून."

मग बोलली का नाहीस?

"काय बोलू? सगळी गल्ली त्यांच्याकडं येती. हे गेलं तर मागं काय राहतंय त्यांच्या?"

कुटत राहिली. मला तर ते कुटणं सहन होईना.

१७ नोव्हें.

सकाळी आप्पा दूध आणायला निघाले. पाठीमागं रिक्षा. हॉर्न. हॉर्न. तिसऱ्याला रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि शिवी दिली. आप्पांना ब्रेकही नाही, शिवीही नाही. सरळ चालत गेले. मी गॅलरीत. हाक मारली. कुणाला मारली?

१८ नोव्हें.

सलीमभाईंनी शाफ्ट परत जोडून दिला. त्यांचं म्हणणं, डिफरन्शियल उघडायच्या भानगडीत पडू नका, परत करा. मुदत उद्यापर्यंत.

आप्पांना म्हटलं, उद्या नेऊन लावू.

"न्यायची न्हाय."

तुम्हीच दोष काढलाय ना?

"काढला की. दुरुस्त करू. मी पास केलेली गाडी परत गेली तर तो माणूस काय म्हणंल? रेल्वेतल्या म्हाताऱ्याला ऐकू आलं न्हाय?"

तुम्हाला त्या दिवशी—

"तुला काय कळतंय आवाजातलं!"

आईनं ताटावर ताट आपटलं, उगाच. माझ्यासाठी आपटलं. एकटी मीच दचकले.

१९ नोव्हें.

सकाळी आप्पांच्या समोर बसले. बाजूला नाही, समोर. तोंड दिसेल असं. मी बोलायच्या आधीच त्यांची नजर माझ्या ओठांवर. कधीपासून असं बघतायत, आणि मी लेखक म्हणवते स्वतःला.

"आप्पा, शाफ्ट काढल्यावर गाडी गप्प होती. पूर्ण गप्प. पाना हाडाला लावला तेव्हा तुम्ही बरोबर ओळखलंत, सलीमभाईंच्याही आधी. पण गाडीत तुम्हाला ऐकू येत नाही. रस्त्यावर येत नाही. मी कानाच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतलीय."

आईचा कुटायचा आवाज थांबला.

आप्पांनी तोंड उघडलं. मी किल्ली उचलली आणि जिना उतरले. उतरले कसली, पळाले. गाडी परत करायची म्हणून नाही. ते काय म्हणतील ते ऐकायची छाती नव्हती.

गाडी परत द्यायला निघालेय, हे होटगीच्या अलीकडं लिहितेय, रेल्वेचं फाटक बंद आहे. मालगाडी जातेय, लांबलचक. किती डबे, मोजायचं सोडून दिलं.

फोन वाजतोय. आप्पांचा नंबर. आप्पा फोन करत नाहीत कुणाला. आलेला पण आईकडं देतात.

वाजतोय.

फाटक उघडलं. मागचे हॉर्न द्यायला लागले. निघते.